दाखल्यावरचे ‘पुढील शिक्षणासाठी’

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की वृत्तपत्रांतून पहिलीच्या मुलांची छायाचित्रे येऊ लागतात. हातात गुलाबाचे फूल, दारावर फुगे, पाठीवर अंगापेक्षा मोठे दप्तर आणि आईचा पदर न सोडणारे एखादे मूल. प्रवेशोत्सवाच्या या बातम्या मीही आवडीने वाचते. मात्र त्याच महिन्यात ज्या मुलांची शाळा कायमची सुटलेली असते, त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही, कारण ती कोठे गेली हे सांगणारे कोणी नसते. त्या मुलांविषयी हे पत्र आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे, तरी शक्यतो न कापता छापावे अशी विनंती आहे.

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी परिसरातील एका प्राथमिक शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले आणि त्यांतली शेवटची बरीच वर्षे सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. निकाल लागला की वर्गशिक्षिकेच्या वाट्याला दाखले लिहिण्याचे काम येते. नाव, आईचे नाव, अक्षरी जन्मतारीख, जन्मस्थळ, प्रगती, वर्तणूक असे रकाने भरत शेवटी आपण ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी येतो. प्रगती ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’ आणि कारण ‘पुढील शिक्षणासाठी’. हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत की पुढे पुढे ते लिहिताना रकान्याकडे पाहावेही लागत नसे. जिला आईबरोबर जरीच्या कामाला बसायचे होते तिच्या दाखल्यावर मी तेच लिहिले, आणि ज्याच्या मामाने त्याच्यासाठी कुर्ल्याला गॅरेजमध्ये जागा बघून ठेवली होती त्याच्याही दाखल्यावर तेच लिहिले. नियमाने त्यात काही चूक नव्हती. आमच्या शाळेत सातवीच्या पुढचा वर्गच नव्हता, तेव्हा सातवी झालेले मूल शाळा सोडणार ते पुढील शिक्षणासाठीच, असे कागदाने गृहीत धरलेले होते. जनरल रजिस्टरात दाखल्याचा क्रमांक पडला की मूल आमच्या पटावरून उतरत असे. ते पुढे कोणाच्या पटावर चढले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती, मुख्याध्यापकांवर नव्हती आणि वरच्या कार्यालयावरही नव्हती.

हा परिसर ज्यांनी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगते. मुंबईला जे जे आपल्या नजरेसमोर नको असते ते ती आमच्याकडे पाठवते. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. कत्तलखाना १९७१ मध्ये वांद्र्याहून देवनारला आला. अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, उठवून तेथील माणसे चीता कॅम्पला आणली गेली. पुढे रेल्वे आणि रस्ते रुंद करताना ज्यांची घरे गेली त्यांपैकी पुष्कळांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणि वाशीनाक्याला, ऊन-वारा शिरणार नाही इतक्या खेटून बांधलेल्या इमारतींत खोल्या मिळाल्या. अशा रीतीने भरत गेलेल्या महापालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर होती आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या चोवीस विभागांत हा विभाग सर्वांत खाली होता. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमी पेटली तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर काही दिवस आमच्याकडे कॅमेरे आले होते. टाटा समाजविज्ञान संस्था याच विभागात असल्याने आमचा अभ्यास मात्र भरपूर झालेला आहे. प्रश्नावली घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला आमच्या गल्लीतली मुले दुरूनच ओळखतात.

असे असूनही वस्तीतील आईबाप मुलांना शाळेत घालत नाहीत, हा समज चुकीचा आहे, हे मला ठामपणे सांगायचे आहे. पहिलीला मुले येतात आणि भरभरून येतात. गणवेश, दप्तर, वह्या महापालिका देते, दुपारची खिचडी मिळते आणि शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असते. आई कामाला जाताना मुलाला सोडून जाते, नाहीतर थोरली बहीण धाकट्याचा हात धरून घेऊन येते. गळती होते ती शाळेची इयत्ता संपते तेथे. महापालिकेच्या प्राथमिक शाळांपैकी बहुतेक सातवीला, काही आठवीला थांबतात. त्यांच्या मानाने माध्यमिक शाळा फारच थोड्या आहेत. म्हणजे नरसाळ्याच्या वरच्या तोंडातून आपण सगळ्यांना आत घेतो आणि खालचे तोंड किती अरुंद आहे याची चौकशी करत नाही.

त्यातून कायद्याची गंमत पाहा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्यास सरसकट बंदी आली. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना मात्र केवळ धोकादायक उद्योगांपुरती मनाई राहिली, आणि शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा तर चौदा वर्षांखालच्या मुलांनाही ठेवली गेली. एका कायद्याने धरलेला मुलाचा हात सुटतो तो नेमका त्याच वयात, ज्या वयात दुसरा कायदा त्याला कामावर जाण्याची वाट मोकळी करून देतो. कायदे करणाऱ्यांच्या मनात हे नसेलही. परंतु जरीच्या कारखान्याचा मालक आणि मुलाचा बाप या दोघांनाही हे गणित शिकवावे लागत नाही.

सातवीनंतर मुलाला नवी शाळा शोधावी लागते म्हणजे नक्की काय करावे लागते, ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाचे वजन कळणार नाही. मूल ज्या माध्यमात शिकले त्याच माध्यमाचा आठवीचा किंवा नववीचा वर्ग जवळपास असला पाहिजे. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आमच्याकडे एकाच इमारतीत सकाळ-दुपारच्या पाळ्यांत भरतात. वरच्या वर्गांना मात्र प्रत्येक माध्यमाची वाट वेगळी होते आणि ज्याचे माध्यम अल्पसंख्य त्याची वाट लांब होते. मग घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता ओलांडणे येते. त्यावर २०२१ मध्ये उड्डाणपूल झाला आणि वरून जाणाऱ्यांची सोय झाली. खालून पायी जाणाऱ्या मुलीच्या आईला दिसतात ते डंपर आणि टँकर. त्यानंतर अर्ज, आधार कार्ड, जातीचा दाखला, छायाचित्रे आणि ‘उद्या या’. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या लेखी प्रत्येक ‘उद्या या’ म्हणजे एक बुडालेला दिवस असतो. तिसऱ्या खेपेला तो येत नाही, आणि आपण नोंद करतो : पालकांत शिक्षणाविषयी अनास्था.

मराठवाड्यातून आलेल्या एका कुटुंबातली मुलगी माझ्या वर्गात होती. गणितात ती माझ्यापेक्षा वेगाने चालत असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सातवी झाली तेव्हा तिच्या आईला मी शाळेत बोलावून घेतले आणि तिचे नाव कोणत्या शाळेत घालणार, असे विचारले. ती म्हणाली, ‘‘बाई, आठवी हितंच असती तर धाडली असती की. आता तिला नेणार कोन, आननार कोन? मी सहाला घर सोडते. पानी यायची येळ सातची.’’ आमच्याकडे पाणी हा केवळ पाण्याचा प्रश्न नसतो. ज्या घरात नळ नाही, किंवा आहे पण त्याची वेळ ठरलेली नाही, त्या घरात कोणीतरी हंडे-कॅन घेऊन थांबायचे असते, आणि हे कोणीतरी म्हणजे बहुधा बारा-तेरा वर्षांची मुलगी असते. प्राथमिक शाळा शेजारी असते तोवर ती पाणी भरून, धाकट्याला आंघोळ घालून, उशिरा का होईना वर्गात येऊन बसते. तिला उशीर का झाला हे तिच्या बाईंना माहीत असते. दोन बसगाड्यांच्या अंतरावरच्या शाळेत तिला उशीर का झाला हे माहीत असणारे कोणी नसते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या वस्तीत गोवराची साथ आली आणि त्यात मुले दगावली, तेव्हा आजारी भावंडाजवळ बसण्यासाठी घरी राहिल्या त्याही याच मुली. त्या मुलीच्या आईचे म्हणणे मी मान्य केले नाही, पण मला त्याचे उत्तरही देता आले नाही. तिच्या दाखल्यावर मी नेहमीचे तीन रकाने भरले.

ज्यांचे नशीब जरा बरे, त्यांचीही गत पुढे हीच होते. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित-दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर सोडतीत नंबर लागलेल्या मुलांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत असते. नववीत गेल्यावर शाळा पूर्ण शुल्क मागते आणि ती कायद्याने तसे मागू शकते. राज्यात हे प्रवेश २०१२-१३ मध्ये सुरू झाले, म्हणजे तेव्हा पहिलीत गेलेली मुले नववीला पोहोचली ती २०२०-२१ मध्ये, ऐन टाळेबंदीच्या वर्षात, जेव्हा बापाच्या हाताला काम नव्हते. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून या पंचवीस टक्क्यांतून पुष्कळ खासगी शाळांना वगळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यावर सर्वत्र चर्चा झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला, हे उत्तमच झाले. पण आत जाण्याच्या दारासाठी जेवढे भांडण झाले त्याच्या शतांशानेही आठवीनंतरच्या बाहेर जाण्याच्या दाराविषयी कोणी बोलले नाही. याशिवाय आमच्याकडे अनधिकृत शाळा आहेत. त्यांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते आणि पालकांना सावध करते. गल्लीतल्या दोन खोल्यांवर इंग्रजी पाटी लावलेल्या अशा शाळेत चार वर्षे फी भरल्यानंतर तिला टाळे लागते आणि तिचा दाखला पुढची शाळा उलटसुलट करून पाहते, तेव्हा ती सावधगिरीची सूचना त्या बापाच्या काय कामाची?

टाळेबंदीचा उल्लेख आला आहे तर तेही सांगते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते सातवीचे १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जे मूल सहावीत असताना दप्तर घेऊन घरी गेले, त्याची सातवी पूर्णपणे फोनवर झाली, आणि तीही फोन बापाबरोबर कामावर गेलेला नसेल त्या वेळी. त्या तुकडीला निरोप समारंभ झाला नाही, शेवटची प्रार्थना झाली नाही, फळ्यावर कोणी रंगीत खडूने काही लिहिले नाही. दाखले मात्र दिले गेले. ऑक्टोबरात आठवीचे वर्ग भरू लागले तेव्हा त्या तुकडीतले कोण कोठल्या वर्गात बसले, हे मला आजही सांगता येणार नाही. शिक्षकी पेशात याहून लाजिरवाणे काही मी अनुभवलेले नाही.

आता मोजणीविषयी. राज्यात ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे एका दिवसाचे सर्वेक्षण झाले आणि आम्ही शिक्षक घरोघर, सिग्नलवर, वीटभट्ट्यांवर फिरलो. त्या दिवशी बोटाला शाई लावलेली मुले अजून डोळ्यांसमोर आहेत. पण वयोगट होता सहा ते चौदा. पंधरा वर्षांचा मुलगा भंगाराच्या गाळ्यात समोर बसलेला दिसत असूनही माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. तो शाळाबाह्य नव्हता, कारण कायद्याच्या लेखी त्याने शाळेत असावे असे कोणी म्हटलेच नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते अठरा वर्षे असा विचार मांडला, तरी मुलाच्या हक्काची सीमा चौदाच राहिली आहे.

तरीही मोजता येत नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. शाळांची सर्व माहिती ज्या ‘यू-डायस प्लस’ प्रणालीत भरली जाते, तिच्यात एका शाळेने सोडलेले मूल दुसऱ्या शाळेने आपल्याकडे घेईपर्यंत एका ठिकाणी थांबून राहते. शिक्षक त्या जागेला ‘ड्रॉप बॉक्स’ म्हणतात. नवी शाळा त्याला तेथून उचलून घेते. ज्याला कोणी उचलत नाही त्याचे नाव तेथेच पडून राहते, जन्मतारखेसह, आईच्या नावासह, शेवटच्या शाळेच्या क्रमांकासह. म्हणजे मी एकतीस वर्षे ज्या मुलांविषयी ‘कोठे गेली कोण जाणे’ म्हणत होते, त्यांची यादी आज विभाग कार्यालयाच्या संगणकावर तयार असते. ती उघडून पाहण्याचे काम कोणाकडे सोपवलेले आहे, एवढाच प्रश्न आहे. पटसंख्या धरून शिक्षकांची पदे मंजूर करायची असतात, तेव्हा ३० सप्टेंबरचा पट किती काटेकोर पाहिला जातो हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. मूल आधारशी जुळले नाही तर ते वर्गात हजर असूनही संचमान्यतेत, म्हणजे पदे मंजूर करण्याच्या या हिशेबात, धरले जात नाही. जी यंत्रणा पदे कमी करण्यासाठी एकेक मूल इतक्या बारकाईने वगळू शकते, तिला हरवलेले मूल शोधणे जड जाऊ नये.

यावर प्रशासनाची दोन उत्तरे मी बैठकांतून अनेकदा ऐकली आहेत. पहिले असे की नववी-दहावीचे वर्ग काढायला जागा नाही. जागेची अडचण खरी आहे, पण सगळीकडे सारखी नाही. मराठी माध्यमाचा पट घसरल्यामुळे त्याच इमारतीत एका माध्यमाच्या खोल्यांना कुलूप आणि दुसऱ्या माध्यमाच्या वर्गात एका बाकावर चार मुले, हे दृश्य मी पाहिलेले आहे. माझी मातृभाषा मराठी आहे आणि मराठी शाळेच्या खोलीला कुलूप लागल्याचे दुःख मला इतर कोणाहून कमी नाही. पण त्या कुलपाआड धूळ साचण्यापेक्षा तेथे नववीचा वर्ग भरावा, मग तो कोणत्याही माध्यमाचा असो. दुसरे उत्तर असे की वरच्या वर्गांना पट मिळत नाही. हे तर तहान लागलेल्याने नळ बंद असताना भांडे पुढे केले नाही म्हणून त्याला तहान नाही ठरवण्यासारखे झाले. महापालिकेने अलीकडे सीबीएसई मंडळाच्या शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्या प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. मंडळाचे नाव हे त्याचे एक कारण असेल. परंतु मला भेटलेल्या पालकांच्या तोंडी दुसरेच वाक्य होते, की एकदा नाव घातले की दहावीपर्यंत बघायला नको.

शासनाला मुलींच्या शिक्षणाची काळजी नाही, असे माझे म्हणणे नाही. काळजी आहे, फक्त ती दोन टोकांना आहे. प्राथमिक वर्गांतील वंचित घटकांच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला आणि तो तेव्हापासून एक रुपयाच राहिला. (शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी रुपया जाणवत असे.) दुसऱ्या टोकाला, जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. अभियांत्रिकीच्या दारात शुल्क माफ आहे आणि पहिलीच्या दारात गुलाबाचे फूल आहे. मधल्या तीन-चार वर्षांत जी मुलगी हंडे घेऊन उभी आहे तिच्यासाठी फार तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो भरून बाहेरून दहावीला बसलेल्या आणि उत्तीर्ण झालेल्या मुली मला माहीत आहेत आणि मला त्यांचे कौतुक आहे. पण दिवसभर काम करून, न शिकवता, एकटीने परीक्षा द्यायची, ही अट आपण आपल्या घरातल्या मुलीला घातली असती का?

माझी मागणी मोठी नाही. सातवी-आठवीचा दाखला मुलाच्या हातात देऊन त्याला फाटकाबाहेर सोडण्याऐवजी, जवळच्या माध्यमिक शाळेत त्याचा प्रवेश झाल्याची खातरजमा आधीच्या शाळेने करावी आणि कागद एका शाळेकडून दुसरीकडे परस्पर जावा. ज्या शालेय संकुलात चार-पाच प्राथमिक शाळा एकत्र भरतात तेथे नववी आणि दहावी त्याच आवारात सुरू व्हावी, आणि सुरुवात एम पूर्व विभागापासून व्हावी. हे वर्ग पहिल्या वर्षी पूर्ण भरणार नाहीत. तिसऱ्या वर्षी मात्र बसायला जागा राहणार नाही, असे माझा अनुभव सांगतो.

हे आताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. धारावीच्या पुनर्विकासात ज्यांना तेथे घर मिळणार नाही अशांच्या पुनर्वसनासाठी देवनार कचराभूमीची १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय झाला आहे. कचरा उपसून ती मोकळी करण्याची कामेही मार्गी लागत आहेत. कचऱ्याच्या जागी माणसे राहायला आणणे योग्य की अयोग्य, हा वाद स्वतंत्र आहे आणि त्यात मला बोलायचे पुष्कळ आहे, ते पुन्हा केव्हातरी. पण माणसे येणार असतील तर त्यांच्याबरोबर सातवीतली मुलेही येणार आहेत. चीता कॅम्पला शाळा मागाहून आल्या, लल्लूभाईलाही इमारती आधी उभ्या राहिल्या, आणि दोन्ही वेळी मुले जुन्या शाळेपर्यंत हेलपाटे घालत राहिली, ती थकेपर्यंत. या खेपेला नकाशावर घरांच्या आधी दहावीपर्यंतच्या शाळेचा चौकोन काढला गेला आहे का, हे नकाशा कागदावर असतानाच विचारून घेतले पाहिजे.

संपादक महोदय, आपले वार्ताहर दर जूनमध्ये प्रवेशोत्सव टिपायला आमच्याकडे येतात, त्यांचे स्वागतच आहे. यंदा त्यांनी ३० सप्टेंबरनंतर आणखी एक फेरी करावी, आणि विभागाच्या शिक्षण कार्यालयात एवढेच विचारावे की आज ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये किती नावे आहेत, आणि त्यांपैकी किती घरांचे दार या वर्षी कोणी वाजवले. वस्तीतली घरे शोधायला सोबत हवी असेल तर मी येईन. गल्ल्या माझ्या पायाखालच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
गोवंडी, मुंबई